मोटर बदलण्याआधी : इलेक्ट्रिक गाडीच्या फेज आणि इन्सुलेशन कोडमागचा दोष कसा शोधावा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. परभणीतल्या तुमच्या गॅरेजवर एक जुनी विकत घेतलेली इलेक्ट्रिक कार आली आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरील पाण्यातून गेल्यापासून तिचा त्रास सुरू झाला. सकाळी गाडी ‘रेडी’ (चालायला तयार) होत नाही, दुपारी ऊन लागल्यावर होते. रस्त्यावर ओव्हरटेक करण्यासाठी जोरात पेडल दाबले की पिकअप तुटतो आणि डॅशबोर्डवर कासवाचे चिन्ह (शक्ती मर्यादित केल्याची खूण) येते. स्कॅनरवर दोन कोड आहेत. पी०एए६ हा हाय व्होल्टेज यंत्रणेचे इन्सुलेशन कमी झाल्याचा आणि पी०सी०५ हा ड्राइव्ह मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू या तीन फेजच्या, म्हणजे मोटरीला वीज देणाऱ्या तीन वाटांच्या, सर्किटचा. एका ठिकाणी मोटर गेली असे सांगून नव्या मोटरचा खर्च काढून दिला, त्यामुळे गाडीमालक हबकला आहे. मोटर बदलावीच लागेल का, की रिवाइंडिंग करून भागेल, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते या दोन्ही पर्यायांवर विचार करण्याची वेळ अजून आलेली नाही. तुमच्याकडे आलेले दोन कोड दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. इन्सुलेशनचा कोड सांगतो की जो प्रवाह बॉडीपासून अलग राहायला हवा, तो कुठेतरी बॉडीकडे झिरपतो आहे. फेजचा कोड सांगतो की ज्या मार्गाने प्रवाह पूर्ण जायला हवा, तिथे तो कुठेतरी अडतो आहे. पहिल्यात गळती आहे, दुसऱ्यात अडथळा. हे दोन्ही दोष एकाच जागी असू शकतात किंवा एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन दोष योगायोगाने एकत्र दिसत असतील. कोड गाव सांगतो, घर सांगत नाही. फेजच्या सर्किटमध्ये इन्व्हर्टरचे (बॅटरीचा डीसी प्रवाह मोटरीसाठी प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाहात बदलणाऱ्या यंत्राचे) स्विच, करंट सेन्सर, बसबार (तांब्याची जोडपट्टी), केबल, लग (केबलच्या टोकाची धातूची कडी), टर्मिनल आणि मग शेवटी वाइंडिंग (मोटरीतील तारेचे वेढे) येते. एवढ्या मोठ्या साखळीतून थेट शेवटच्या आणि सर्वांत महाग भागावर बोट ठेवणे हे निदान नव्हे.

मी छत्रपती संभाजीनगरात हे काम करतो. त्याआधी बरीच वर्षे शेतपंपांच्या आणि वाळूजच्या कारखान्यांतील मोटरींचे रिवाइंडिंग केले आहे. हे सांगण्याचे कारण असे की आपल्या मराठवाड्यात मोटर जाणणारी माणसे गावोगाव आहेत. मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) कसा लावायचा, बॉडी लागली आहे की नाही, म्हणजे प्रवाह बॉडीत उतरतो का, हे कसे ओळखायचे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. ते ज्ञान इथे नक्कीच उपयोगी पडते, परंतु दोन गोष्टी मुळातून वेगळ्या आहेत. पंपाच्या मोटरीला वीज थेट लाइनमधून स्टार्टरमार्गे मिळते. इथे बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये इन्व्हर्टर असतो आणि मेगरचा ५०० व्होल्टचा दाब चुकून त्याच्यावर गेला तर चांगला इन्व्हर्टरही निकामी होऊ शकतो. दुसरी गोष्ट अशी की या मोटरींच्या रोटरमध्ये बहुधा कायमचे चुंबक असतात, म्हणून चाक फिरले की बॅटरी तोडलेली असतानाही मोटरीच्या टोकांवर व्होल्टेज तयार होते. बंद पडलेली इलेक्ट्रिक गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून, ड्राइव्हची चाके रस्त्यावर ठेवून ओढत आणण्याची आपल्याकडची पद्धत याच कारणाने धोक्याची आहे. गाडी ट्रकवर चढवून आणावी, किंवा किमान ड्राइव्हची चाके उचललेली असावीत.

सुरक्षिततेबद्दल आधी बोलतो, कारण पुढचे प्रत्येक माप त्यावर अवलंबून आहे. ६० व्होल्ट डीसीच्या वरचा दाब या क्षेत्रात धोकादायक मानतात आणि तुमच्या गाडीत तो ३०० व्होल्टच्या वर असणार. १००० व्होल्टचे क्लास ० रबरी हातमोजे, त्यांवर चामड्याचे मोजे आणि कॅट-३, १००० व्होल्ट दर्जाचा मल्टिमीटर नसेल, तर हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावू नका. हातमोजे प्रत्येक वेळी फुगवून हवा निघते का ते पाहावे. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. गाडी बंद करून चावी दूर न्यावी, १२ व्होल्ट बॅटरीचे निगेटिव्ह काढावे, सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज बॅटरी तोडणारा प्लग) काढून स्वतःच्या खिशात ठेवावा आणि गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत जेवढी मिनिटे सांगितली असतील तेवढी थांबावे. हा काळ अनेक गाड्यांत पाच ते दहा मिनिटांचा असतो, कारण इन्व्हर्टरमधील कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ लागतो. त्यानंतरही मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये. आधी मीटर एखाद्या चालू बॅटरीवर लावून तो दाखवतो आहे याची खात्री करा, मग इन्व्हर्टरच्या डीसी टोकांवर मोजा, मग पुन्हा त्या चालू बॅटरीवर मोजा. मधल्या मोजणीच्या वेळी मीटरच बंद पडला नव्हता, हे तिसऱ्या मोजणीतून कळते. रिवाइंडिंगच्या दुकानात चाचणीसाठी लाइनशी जोडून वापरतो तो सिरीज बल्ब या गाडीच्या जवळपासही आणू नये.

आता मुख्य कामाकडे येऊ. सर्वांत आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासा. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण ही बॅटरी दुबळी असेल तर कंट्रोलर एकमेकांशी नीट बोलू शकत नाहीत आणि नसलेल्या दोषांचे कोड साठतात. गाडी उभी असताना ती १२.४ व्होल्टच्या वर असावी आणि गाडी रेडी झाल्यावर तिला चार्ज करणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमुळे साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसावी. ते ठीक असेल तर दोन्ही कोडचे फ्रीझ फ्रेम (कोड पडतानाच्या स्थितीची नोंद) लिहून घ्या. कोड पुसण्याची घाई करू नका, कारण त्याबरोबर ही माहितीही जाते. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, मोटरकडून किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) मागितला होता, मोटर आणि इन्व्हर्टर यांचे तापमान किती होते, कॉन्टॅक्टर (बॅटरी पॅक बाकीच्या यंत्रणेशी जोडणारे मोठे स्विच) जोडलेले होते की नाही, या चार गोष्टी अर्धे निदान करून देतात.

इन्सुलेशनच्या कोडबाबत तर मी नेहमी आधी हाच प्रश्न विचारतो की गळती नेमकी केव्हा दिसली. कॉन्टॅक्टर जोडण्याच्या आधीच दिसत असेल, तर संशय बॅटरी पॅककडे जातो, कारण त्या वेळी बाकीची यंत्रणा पॅकपासून तुटलेली असते. कॉन्टॅक्टर जोडल्यावर लगेच दिसत असेल, तर डीसी बाजूच्या सर्व वस्तू, म्हणजे डीसी केबल, एसीचा (एअर कंडिशनरचा) कॉम्प्रेसर, हीटर, चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर, या कक्षेत येतात. गाडी रेडी होते पण मोटर फिरू लागल्यावरच गळती दिसते, असे असेल तर फेज केबल आणि मोटर यांच्यावर संशय घ्यायला आधार मिळतो. तुमची गाडी सकाळी रेडीच होत नाही. याचा अर्थ असा की गळती मोटर फिरण्याच्या आधी पकडली जात आहे आणि एवढ्यावरून तरी मोटर हा पहिला संशयित ठरत नाही. फेजच्या बाजूची गळती स्विच बंद असतानाही इन्व्हर्टरमधील डायोडमार्गे थोडीफार जाणवू शकते, त्यामुळे मोटर निर्दोष आहे असेही मी म्हणणार नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतलेली बरी. साध्या गाडीत बॉडी हीच निगेटिव्ह असते. इथे हाय व्होल्टेजची दोन्ही टोके बॉडीपासून अलग, तरंगती ठेवलेली असतात. त्यामुळे एका जागी गळती झाली तर लगेच झटका बसत नाही. दुसऱ्या जागी दुसऱ्या टोकाची गळती झाली, किंवा माणसाचा हात तिथे लागला, तर वर्तुळ पूर्ण होते. म्हणून पहिल्याच गळतीला गाडी अडून बसते आणि तसेच व्हायला हवे. ‘दुपारी चालते ना, मग चालू द्या’ असे गाडीमालक म्हणत असेल तर त्याला हे स्पष्ट सांगा.

गळती शोधताना एकेक भाग सोडवत जावे लागते. सर्व्हिस प्लग काढून, कपॅसिटर रिकामा असल्याची खात्री करून, आधी कॉम्प्रेसर आणि हीटरच्या केबल सोडवून त्यांचे वेगळे माप घ्या. पाण्यातून गेलेल्या गाडीत खाली बसवलेला कॉम्प्रेसर आणि त्याचा कनेक्टर हे माझ्या अनुभवात मोटरीइतकेच, किंबहुना मोटरीपेक्षा अधिक वेळा दोषी सापडतात. कॉम्प्रेसरमध्ये चुकीचे तेल भरलेले असेल तरी इन्सुलेशन खाली येते, म्हणून एसीचे काम आधी कुठे झाले होते का ते मालकाला विचारा. मेगर लावताना त्या भागात इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे का आणि किती व्होल्टला मोजायची परवानगी आहे, हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय बटण दाबू नका.

मग मोटरीचा क्रम. तिन्ही फेज केबल इन्व्हर्टरच्या टोकाला सोडवा. मोटरीचा रिझॉल्व्हर (रोटरची स्थिती सांगणारा सेन्सर) आणि तापमान सेन्सर यांचा कनेक्टरही काढून ठेवा, म्हणजे मेगरचा दाब कंट्रोलरपर्यंत पोहोचणार नाही. आता ५०० व्होल्टवर फेज आणि मोटरीची बॉडी यांच्यामध्ये पूर्ण एक मिनिट धरून वाचन घ्या. तिन्ही वाइंडिंग आत एकत्र जोडलेल्या असल्याने एका फेजवरचे वाचन तिन्हींचे असते. म्हणून ‘तिन्ही फेज बॉडीला लागल्या’ असे कुणी सांगितले तर त्यातून तीन दोष निघत नाहीत. वाचन कमी आले तर थांबू नका. केबल मोटरीच्या टोकालाही सोडवा आणि केबल वेगळी, मोटर वेगळी मोजा. केबलचा गाभा आणि तिच्यावरची जाळी यांच्यामध्येही मोजा, कारण जाळी बॉडीला जोडलेली असते आणि उंदराने कुरतडलेल्या केबलमध्ये गळती तिथूनच होते. उसाच्या किंवा सोयाबीनच्या हंगामात शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे मी वारंवार पाहतो.

किती वाचन चांगले, याचे उत्तर गाडीगणिक बदलते आणि अंतिम शब्द पुस्तिकेचाच. अंदाजासाठी सांगतो. मोटरची एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाची) बाजू आणि बॉडी यांच्यामध्ये प्रत्येक व्होल्टमागे किमान ५०० ओहम असावेत, असा सुरक्षेचा दंडक आहे. ३५० व्होल्टच्या यंत्रणेला त्या हिशेबाने १,७५,००० ओहम, म्हणजे ०.१७५ मेगाओहम होतात. पण ही तळाची मर्यादा आहे. निरोगी, कोरडी मोटर साधारणपणे शेकडो मेगाओहम दाखवते. तुम्हाला २ मेगाओहम मिळाले तर ‘मर्यादेच्या कितीतरी वर आहे’ असे समाधान मानू नका. आत काहीतरी सुरू झालेले आहे. वाचनाबरोबर मोटरीचे तापमानही लिहा. तापमान १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचा रोध ढोबळमानाने निम्म्यावर येतो, त्यामुळे एप्रिलच्या दुपारचे आणि ऑगस्टच्या सकाळचे वाचन तसेच्या तसे शेजारी ठेवता येत नाही.

आणि हे माप दुपारी घेऊ नका. तुमची तक्रार सकाळची आहे. गाडी रात्रभर उघड्यावर उभी ठेवा आणि सकाळी, ऊन चढण्याच्या आत, मेगर लावा. दोष ज्या परिस्थितीत दिसतो त्या परिस्थितीत मोजलेले एक वाचन दुपारच्या पाच वाचनांपेक्षा मोलाचे असते. काळ्या मातीचा चिखल वरून वाळलेला दिसला तरी आत ओल धरून ठेवतो. कनेक्टरच्या भोवती आणि खालच्या कव्हरमध्ये बसलेला चिखल काढल्यावर सकाळचे वाचन सुधारले, तर तेही निदानाचाच भाग आहे. मात्र तो चिखल काढताना वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप कनेक्टरवर मारू नका. मऊ ब्रश आणि ओला कपडा पुरेसा आहे.

आता दुसरा कोड, फेजचा. इथे साधा मल्टिमीटर उपयोगाचा नाही. या मोटरींच्या वाइंडिंगचा रोध मिलिओहमच्या घरात असतो आणि मल्टिमीटरच्या दोन वायरींचाच रोध त्यापेक्षा जास्त भरतो. ‘तिन्ही फेज ०.२ दाखवतात, म्हणजे मोटर चांगली’ किंवा ‘शून्य दाखवते, म्हणजे शॉर्ट’ हे दोन्ही निष्कर्ष मीटरच्या वायरीबद्दलचे असतात, मोटरीबद्दलचे नसतात. यासाठी चार वायरींचा मिलिओहम मीटर लागतो. तो विकत घेणे परवडत नसेल तर एखाद्या मोठ्या रिवाइंडिंगवाल्याकडून किंवा जवळच्या आयटीआयतून एका दिवसासाठी मिळतो का ते पाहा.

मोजताना यू-व्ही, व्ही-डब्ल्यू आणि डब्ल्यू-यू अशा तीन जोड्या मोजायच्या, आधी इन्व्हर्टरच्या बाजूने म्हणजे केबलसकट आणि मग थेट मोटरीच्या टर्मिनलवर. समजा केबलसकट मोजल्यावर व्ही-डब्ल्यू २३ मिलिओहम आले आणि यू-व्ही व डब्ल्यू-यू हे दोन्ही २८ आले. ज्या दोन मापांत यू आहे ती दोन्ही वाढलेली आहेत आणि ज्यात यू नाही ते ठीक आहे, म्हणजे जास्तीचे ५ मिलिओहम यू च्या वाटेवर आहेत. आता मोटरीच्या टर्मिनलवर मोजल्यावर तिन्ही जोड्या सारख्या आल्या, तर वाइंडिंग निर्दोष आहे आणि अडथळा यू च्या केबलमध्ये, लगमध्ये किंवा टर्मिनलच्या बोल्टमध्ये आहे. टर्मिनलवरही तोच फरक राहिला तरच दोष मोटरीच्या आत आहे असे म्हणता येईल. या एका तुलनेवर लाखमोलाचा निर्णय ठरतो, म्हणून ती घाईत करू नका.

५ मिलिओहमने असा काय फरक पडतो, असे वाटणे साहजिक आहे. ओव्हरटेक करताना त्या फेजमधून २०० अँपिअर जात असतील, तर त्या एका जोडावर २०० गुणिले २०० गुणिले ०.००५, म्हणजे २०० वॉट उष्णता तयार होते. बोल्टभर जागेत एवढी उष्णता झाली की लग काळवंडतो, त्याचा रोध आणखी वाढतो आणि कंट्रोलरने मागितलेला प्रवाह त्या फेजमध्ये पोहोचत नाही. कंट्रोलरच्या दृष्टीने ती फेज तुटलेली असते आणि तो पी०सी०५ नोंदवतो. हळू चालवताना प्रवाह कमी असल्याने हाच जोड निमूटपणे काम करतो. तुमच्या गाडीत कोड फक्त जोरात पेडल दाबल्यावर पडतो, या लक्षणाशी हे जुळते. म्हणून माझा पहिला संशय मोटरीच्या टर्मिनल कव्हरवर आहे. त्याच्या गॅस्केटमधून पाणी आत गेले असेल, तर ओलावा बॉडीकडे गळती घडवतो आणि तोच ओलावा लग गंजवून अडथळाही घडवतो. दोन्ही कोड एका जागी उगम पावण्याची ही सर्वांत साधी शक्यता आहे. ती खरी निघेलच असे नाही, पण मोटर उतरवण्याआधी ते कव्हर उघडून पाहण्याला अगदी थोडा वेळ लागतो. आत हिरवट-पांढरा थर, पाण्याची रेघ किंवा रंग बदललेले इन्सुलेशन दिसले तर फोटो काढून ठेवा. बोल्ट पुन्हा बसवताना पुस्तिकेतील टॉर्क द्या, हाताच्या अंदाजाने आवळू नका आणि गॅस्केट नवेच घाला.

तापमानाची एक सूचना इथेही लागू आहे. तांब्याचा रोध २० अंशांवरून ६० अंशांवर गेला की सुमारे १६ टक्के वाढतो. त्यामुळे गाडी चालवून आणल्या आणल्या घेतलेले माप पुस्तिकेतील २० अंशांच्या आकड्याशी थेट ताडू नये. तिन्ही फेजची आपसांत तुलना मात्र कोणत्याही तापमानाला चालते, म्हणून मी तिला अधिक महत्त्व देतो.

वाइंडिंगच्या आतल्या आत काही वेढे शॉर्ट झाले असतील तर रोधात फरक फार सूक्ष्म पडतो आणि मेगर तर ते दाखवतच नाही, कारण बॉडीशी त्याचा संबंध नसतो. यासाठी मी मोटर हाताने फिरवून तिच्या तिन्ही जोड्यांवर तयार होणारे व्होल्टेज पाहतो, शक्य असल्यास ऑसिलोस्कोपवर. ड्राइव्हची चाके उचला, गाडी न्यूट्रलला असू द्या, फेज केबल इन्व्हर्टरपासून सुटलेल्या असू द्या. एक चाक नुसते फिरवले तर डिफरन्शियलमुळे दुसरे चाक उलटे फिरते आणि मोटर जागची हलत नाही. दुसऱ्या चाकाला माणूस लावून ते धरून ठेवावे लागते. तिन्ही जोड्यांचे व्होल्टेज सारखे आले तर वाइंडिंग समतोल आहे. एखादीचे कमी आले तर वेढ्यांवर संशय घ्या. तिन्ही सारखेच पण त्याच प्रकारच्या चांगल्या गाडीपेक्षा कमी येत असतील, तर रोटरमधील चुंबक अति उष्णतेने दुबळे झाल्याची शक्यता असते, आणि अशा मोटरीचे रिवाइंडिंग करून काही हाती लागत नाही. एलसीआर मीटरने इंडक्टन्स मोजणारेही आहेत. त्यात अडचण एवढीच की या मोटरींत रोटरच्या स्थितीनुसार ते बदलते, त्यामुळे एका जागी घेतलेल्या तीन मापांची तुलना फसवी ठरते. रोटर हळूहळू फिरवून प्रत्येक जोडीचे कमाल आणि किमान माप घ्यावे लागते.

मोटर आणि केबल दोन्ही ठीक निघाल्या तर इन्व्हर्टर उरतो. सर्व केबल सुटलेल्या आणि कपॅसिटर रिकामा असताना मल्टिमीटरच्या डायोड मोडवर डीसीच्या प्रत्येक टोकापासून यू, व्ही, डब्ल्यू या तिन्हींकडे दोन्ही दिशांनी मोजा. आकडा नेमका किती यापेक्षा तिन्ही फेज एकसारख्या वागतात का ते पाहा. एखादी फेज दोन्ही दिशांना शून्य दाखवत असेल तर तो स्विच शॉर्ट आहे. परंतु ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून इन्व्हर्टर चांगला, असे होत नाही. स्विचला हुकूम देणारे ड्रायव्हर सर्किट बिघडले तरी डायोड चांगलेच मोजतात. करंट सेन्सरचेही तेच. गाडी रेडी पण उभी असताना स्कॅनरवर तिन्ही फेजचे प्रवाह शून्याच्या जवळ दिसायला हवेत. एखादा सेन्सर उभ्या गाडीतही प्रवाह दाखवत असेल, तर फेज तुटलेली नसून सेन्सरच चुकीचे सांगत आहे. हे पाहायला काहीही उघडावे लागत नाही, म्हणून हे मी खरे तर सुरुवातीलाच पाहून घेतो.

रिझॉल्व्हरबद्दल थोडेच सांगतो, कारण तुमच्या गाडीत त्याचा कोड नाही. त्याचा दोष असेल तर बहुधा पी०ए३एफ येतो आणि गाडी निघताना थरथरते किंवा धक्के देते. पण टर्मिनल कव्हर किंवा मोटर उघडावी लागली, तर त्याचा कनेक्टर आतून ओला नाही ना ते पाहा आणि त्याच्या तिन्ही कॉइलचे रोध पुस्तिकेशी ताडा. मोटर किंवा रिझॉल्व्हर बदलला तर त्याचे शून्यस्थान पुन्हा शिकवावे लागते. ते काम योग्य स्कॅनरशिवाय होत नाही, आणि ते न करता गाडी चालवली तर चांगली मोटरही वाईट वागते.

कूलंटकडेही लक्ष द्या. इन्व्हर्टर आणि मोटर थंड ठेवणाऱ्या टाकीत कुणी बोअरचे पाणी ओतले आहे का, हे आपल्या भागात विचारलेच पाहिजे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. ते बारीक वाहिन्यांत साचतात, इन्व्हर्टर तापतो आणि कंट्रोलर शक्ती कमी करतो. गाडीमालकाला तेही ‘पिकअप तुटला’ असेच वाटते. पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात ही तक्रार फार येते. फ्रीझ फ्रेममध्ये इन्व्हर्टरचे तापमान चढलेले दिसले, तर फेज तपासण्याआधी पंप चालतो का आणि वाहिनीत हवा अडकली आहे का ते पाहा.

तुम्ही शेवटी हायब्रिड गाड्यांबद्दलही विचारले होते. तिथे तर्क हाच, पण मोटरी बहुधा दोन असतात, त्यामुळे कोड कोणत्या मोटरीचा आहे हे आधी निश्चित करावे. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये पहिली मोटर इंजिन सुरू करण्याचेही काम करते, म्हणून तिचा दोष ‘इंजिन सुरू होत नाही’ अशा रूपात समोर येतो आणि माणूस इंधनाच्या मागे लागतो. त्या मोटरी ट्रान्सॲक्सलच्या (गिअर आणि मोटरी एकत्र असलेल्या पेटीच्या) तेलातच काम करतात. तेलात पाणी गेले किंवा भलतेच तेल भरले, तर इन्सुलेशन खाली येते, तेव्हा मेगरच्या आधी तेलाचा नमुना काढून पाहावा. टोयोटाच्या अनेक हायब्रिड गाड्यांत पी०एए६ बरोबर एक उपकोडही मिळतो. ६११ एसीच्या कॉम्प्रेसरचा भाग दाखवतो, ६१२ बॅटरीचा, ६१३ ट्रान्सॲक्सलचा आणि ६१४ हाय व्होल्टेज डीसी बाजूचा. साधा स्कॅनर तो दाखवत नाही, म्हणून दाखवणारा स्कॅनर मिळवण्यासाठी एक दिवस थांबणे परवडते.

ई-रिक्षांचे काम तुमच्याकडे येत असेल तर त्यासाठी एक जलद चाचणी. चाक हाताने जड फिरत असेल तर कंट्रोलरच्या तिन्ही फेज वायरी सोडवून, त्या एकमेकींना न लागू देता पुन्हा फिरवा. हलके झाले तर कंट्रोलरमधील स्विच शॉर्ट आहेत. तसेच जड राहिले तर आधी ब्रेक आणि बेअरिंग पाहा, आणि ती ठीक असतील तर मोटरीच्या वाइंडिंगमध्ये किंवा तिच्या वायरीत शॉर्ट आहे. ४८ व्होल्टला झटक्याची भीती कमी, पण पाना दोन्ही टोकांना लागला तर हात भाजतो, तेव्हा बॅटरी तोडूनच काम करावे.

रिवाइंडिंगचा प्रश्न राहिला. वाइंडिंगच दोषी ठरली तर ते करता येते का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. गोल तारेची, साध्या रचनेची, कमी व्होल्टेजची मोटर चांगला कारागीर करू शकतो. मात्र कारच्या अनेक मोटरींत चपट्या तांब्याच्या पट्ट्या बसवून वेल्ड केलेल्या असतात. त्या हाताने पुन्हा भरता येत नाहीत. शिवाय इन्व्हर्टरच्या वेगवान स्विचिंगमुळे इन्सुलेशनवर पडणारा ताण पंपाच्या मोटरीपेक्षा वेगळा असतो आणि त्यासाठी साधी एनॅमल तार टिकत नाही. रोटर बाहेर काढताना त्याच्या चुंबकाची ओढ एवढी असते की योग्य जिगशिवाय बोटे चिरडू शकतात. म्हणून कारच्या बाबतीत मी आधी वॉरंटीची कागदपत्रे पाहायला सांगतो. मोटर आणि बॅटरी यांची वॉरंटी पुष्कळदा बाकीच्या गाडीपेक्षा लांब असते, दुसऱ्या मालकाला ती कोणत्या अटींवर लागू होते ते वाचावे लागते, आणि सील उघडल्यावर ती जाऊ शकते. हे काम पाना हातात घेण्याच्या आधीचे आहे.

दुरुस्ती झाल्यावर लगेच कोड पुसून गाडी देऊ नका. ती रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी रेडी होते का ते पाहा, मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण पेडल दाबून स्कॅनरवर तिन्ही फेजचे प्रवाह एकसारखे चढतात का ते पाहा. तुमच्याकडून मला चार गोष्टी कळल्या तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल : पी०एए६ पडताना कॉन्टॅक्टर जोडलेले होते की नाही, सकाळी घेतलेले मोटरीचे आणि कॉम्प्रेसरचे मेगर वाचन, दोन्ही जागी मोजलेल्या तिन्ही जोड्यांचे मिलिओहम, आणि टर्मिनल कव्हरच्या आतला फोटो. प्रत्येक मापासमोर त्या वेळचे मोटरीचे तापमान लिहायला विसरू नका.